न्यू जर्सीत मेडिगॅप निवडताना आधी तारीख पाहा, अक्षर नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. येत्या १ जूनला, म्हणजे २०२६ मध्ये, तुम्हाला ६५ पूर्ण होतात, म्हणजे मेडिकेअर, इथल्या सरकारचा मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा, लागू होतो. मेअखेर नोकरी सोडणार. घर मिडलसेक्स काउंटीत, मुलगी क्वीन्सला. पुढेमागे तिच्याजवळ जायचा विचार. वहिनींना ६३ होतील. नोव्हेंबर ते मार्च दरवर्षी पुण्यात राहायचं ठरलंय. मेडिकेअर जो वाटा भरत नाही तो भरणारी खासगी पुरवणी पॉलिसी म्हणजे मेडिगॅप, तिलाच सप्लिमेंट म्हणतात, आणि तिचे प्लॅन अक्षरांनी ओळखतात. मंडळातले एक मित्र त्यातल्या प्लॅन एफची तारीफ करतात, दुसरे म्हणतात शून्य प्रीमियमचा ॲडव्हान्टेज (मूळ मेडिकेअरऐवजी घ्यायचा खासगी कंपनीचा प्लॅन) असताना सप्लिमेंटवर पैसे कशाला घालवता, आणि भाचा म्हणतो प्लॅन एन घ्या. मग जी, एन की ॲडव्हान्टेज?

तुमच्या जागी मी असतो तर मूळ मेडिकेअर ठेवलं असतं, त्यावर जी किंवा एन घेतला असता आणि औषधांसाठी पार्ट डी वेगळा. जी आणि एनमधला निर्णय भाव हातात आल्यावर दहा मिनिटांत होतो. त्याच्यावर एवढी चर्चा का होते हे मला अठरा वर्षं हे काम करूनही कळलेलं नाही. खरी गफलत होते ती तारखांत.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. मी लायसन्सवाला एजंट आहे, माझं पोट कमिशनवर चालतं. ॲडव्हान्टेजच्या कमिशनची कमाल मर्यादा सरकार ठरवतं, आणि ती न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात बाकीच्या बहुतेक राज्यांपेक्षा जास्त आहे. सप्लिमेंटवर बहुधा प्रीमियमच्या टक्केवारीत मिळतं. त्यामुळे एखादा एजंट पहिल्याच भेटीत ॲडव्हान्टेजचा फॉर्म पुढे करू लागला, तर हे लक्षात असू द्या. एजंट नकोच असेल तर राज्याची ‘शिप’ नावाची मोफत सल्लासेवा आहे. काउंटीतले प्रशिक्षित स्वयंसेवक बसून सगळं समजावतात, विकत काहीच नाहीत.

आता तारीख. तुमची १ जून, आणि तुम्ही लिहिलंय की वहिनींचीही १ जूनच. माझ्या फायलीतल्या निम्म्या मराठी लोकांची १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख, खरा जन्म कधीतरी आषाढीच्या आसपासचा. गंमत अशी, की गुरुजींच्या त्या सोयीला मेडिकेअरमध्ये किंमत आहे. इथला कायदा मानतो की माणसाचं वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पूर्ण होतं. म्हणजे १ जूनवाल्याला ३१ मेलाच ६५ लागतं, आणि त्याचं मेडिकेअर जूनमध्ये नाही, १ मेपासून सुरू होऊ शकतं. नावनोंदणीचे सात महिनेही एक महिना अलीकडे सरकतात: फेब्रुवारी ते ऑगस्ट.

तुम्ही सोशल सिक्युरिटी अजून चालू केलेली नाही, ६७ला घेणार म्हणता. मग मेडिकेअर आपोआप येणार नाही, अर्ज तुम्हालाच करायचा आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये केला तर पार्ट ए (इस्पितळात भरती) आणि पार्ट बी (डॉक्टर आणि भरती न होता घेतलेले उपचार) दोन्ही १ मेला चालू. मे महिन्यात केला तर ए १ मेपासून आणि बी १ जूनपासून. कंपनीचा विमा ३१ मेपर्यंत आहे, म्हणून दुसरा मार्ग २०२.९० डॉलर वाचवतो. २०२६ मध्ये पार्ट बीचा महिन्याचा साधा हप्ता तेवढा आहे. तरी मी पहिलाच मार्ग सुचवतो. सप्लिमेंटच्या अर्जात मेडिकेअर नंबर लागतो, आणि कार्ड यायला उशीर झाला की जूनचा पहिला आठवडा धाकधुकीत जातो. एचएसए खात्यात (आरोग्यखर्चासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) पैसे टाकत असाल तर मेपासून थांबवा.

पार्ट बी १ मेला चालू झालं की मेडिगॅपचं घड्याळही त्याच दिवशी सुरू होतं. सहा महिने, १ मे ते ३१ ऑक्टोबर. या काळात कुठलीही कंपनी तुमच्या तब्येतीबद्दल विचारून नकार देऊ शकत नाही की भाव वाढवू शकत नाही. तुमचा स्टेंट असो, मधुमेह असो, काही फरक पडत नाही. आजवर कंपनीचा विमा सलग असल्यामुळे जुन्या आजारांसाठी थांबायची अटही तुम्हाला लागू नये. पॉलिसी १ जूनपासून सुरू करायची, अर्ज एप्रिल-मेमध्येच टाकायचा.

हे सहा महिने संपले की न्यू जर्सीत दार लागतं. इथे हे राज्य नीट समजून घ्यायला हवं, कारण मंडळात मिळणारा अर्धा सल्ला दुसऱ्या राज्यांतला असतो. हडसनच्या पलीकडे न्यूयॉर्कमध्ये मेडिगॅप वर्षाच्या कुठल्याही दिवशी घेता येतो, तब्येत विचारत नाहीत, आणि एका कंपनीचा एका भागातला भाव ६५ वर्षांच्या आणि ८५ वर्षांच्या माणसाला सारखाच. कनेक्टिकटमध्येही तसंच. कॅलिफोर्नियात वाढदिवसापासून ६० दिवसांत तेवढ्याच किंवा कमी फायद्याच्या प्लॅनवर उडी मारता येते. सनीवेलचे तुमचे मेहुणे ‘आत्ता काहीही घे, पुढच्या वर्षी बदलू’ म्हणत असतील तर ते त्यांच्या गावात बरोबर आहेत. न्यू जर्सीत तशी सोय नाही. सहा महिन्यांनंतर कंपनी बदलायची तर आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते आणि कंपनी सरळ नाही म्हणू शकते.

पिस्कॅटवेचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. ६५ला ॲडव्हान्टेज घेतलेला, चार वर्षं मजेत गेली, जिमचं सदस्यत्व, दातांची साफसफाई, सगळं त्यातच. मग हात थरथरायला लागला, पार्किन्सन निघाला. हवा तो न्यूरॉलॉजिस्ट नेटवर्कमध्ये, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टरांत, नव्हता. ‘आता सप्लिमेंट द्या’ म्हणाले. मी तीन कंपन्यांकडे प्रयत्न केला, तिन्हींनी नाकारलं. न्यूयॉर्कमध्ये राहत असते तर त्याच आठवड्यात अर्ज झाला असता.

याला अपवाद आहेत. ६५ला पहिल्यांदा मेडिकेअर घेतानाच ॲडव्हान्टेजमध्ये गेलात, तर बारा महिन्यांच्या आत परत येऊन तब्येतीच्या प्रश्नांशिवाय मेडिगॅप घेता येतो. ॲडव्हान्टेज कंपनीनं तुमच्या काउंटीतून गाशा गुंडाळला, किंवा तुम्हीच त्या प्लॅनच्या भागाबाहेर राहायला गेलात, तरीही हक्क मिळतो. पण या अपवादांवर बेत आखू नये.

मुलीकडे जायचं झालं तर तुमची बाजू उलट भक्कम आहे. मेडिगॅप पॉलिसी राज्य बदललं म्हणून सुटत नाही, हप्ता भरत राहिलात तर कंपनीला ती चालू ठेवावीच लागते. शिवाय क्वीन्सला पत्ता झाला की तिथे नवी कधीही घेता येईल. न्यूयॉर्कचे भाव मात्र चढे असतात. सगळ्यांना सगळ्या वयात एकच भाव द्यायचा तर तो स्वस्त असणार कसा.

ॲडव्हान्टेजच्या बाजूनंही बोललं पाहिजे. हप्ता शून्य म्हणतात, पण पार्ट बीचे २०२.९० भरायचेच असतात, हे जाहिरातीत बारीक अक्षरात असतं. वर्षाच्या खर्चाला मात्र कमाल मर्यादा आहे: २०२६ साठी नेटवर्कमध्ये जास्तीत जास्त ९,२५० डॉलर, काही प्लॅनमध्ये त्याहून कमी. मूळ मेडिकेअरला अशी मर्यादाच नाही. पार्ट बीचं २८३ डॉलरचं वार्षिक डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) भरून झालं की मेडिकेअर ८० टक्के देतं आणि उरलेले २० टक्के तुमचे, कितीही मोठे होवोत. केमोची इन्फ्युजन पार्ट बीमध्ये येतात. वर्षाचं मंजूर बिल एक लाख झालं तर वीस हजार तुमच्या खिशातून. सप्लिमेंट घ्यायचा तो या वीस टक्क्यांसाठी. इस्पितळात भरती झालात तर पार्ट एचं डिडक्टिबल १,७३६ डॉलर आहे, तेही जी आणि एन दोन्ही भरतात. पण तेवढ्यासाठी कुणी सप्लिमेंट घेत नाही.

मूळ मेडिकेअरचा दुसरा फायदा म्हणजे नेटवर्क नाही. उद्या मॅनहॅटनमधल्या स्लोन केटरिंगला दुसरं मत घ्यायचं झालं किंवा फिलाडेल्फियाला जायचं झालं, तर मेडिकेअर चालतं एवढं पुरतं. ‘मूळ मेडिकेअरमध्ये पूर्वपरवानगीची भानगड नाही’ असंही आम्ही एजंट वर्षानुवर्षं सांगत आलो. न्यू जर्सीत हे वाक्य आता जरा दुरुस्त करावं लागतं. जानेवारी २०२६ पासून सहा राज्यांत वायझर नावाचा प्रयोग सुरू झालाय आणि त्यात न्यू जर्सी आहे. संधिवाताच्या गुडघ्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, मज्जातंतूंना चेतना देणारी रोपण केलेली यंत्रं, त्वचेचे पर्याय अशा मोजक्या उपचारांना आधी मंजुरी घ्यायची, नाहीतर पैसे देण्याआधी बिलाची तपासणी होते. यादी छोटी आहे. ॲडव्हान्टेजमध्ये साधा एमआरआयही मंजुरीसाठी अडू शकतो, त्याच्याशी याची तुलना होत नाही. पण ‘अजिबात नाही’ हे आता खरं राहिलं नाही.

अक्षरांकडे येऊ. मित्राचा एफ तुम्हाला मिळणारच नाही. १ जानेवारी २०२० नंतर मेडिकेअरला पात्र होणाऱ्यांसाठी सी आणि एफ बंद आहेत. त्यांना चालू ठेवता येतो, एवढंच. माझं मत विचाराल तर त्यांनीच तब्येत धड आहे तोवर जीचा भाव काढून पाहावा. ज्या गटात नवी तरुण भरती थांबली, त्याचे हप्ते खाली यायचं कारण नसतं.

जी म्हणजे एफ वजा पार्ट बीचं डिडक्टिबल. वर्षाला २८३ डॉलर भरले की मेडिकेअरनं मंजूर केलेल्या उपचारांत तुमच्या वाट्याला जवळजवळ काही येत नाही. एनमध्ये तेच, शिवाय डॉक्टरच्या भेटीला २० डॉलरपर्यंत, आणि इमर्जन्सीला गेलात पण भरती झाला नाहीत तर ५० डॉलरपर्यंत. एन आणखी एक गोष्ट भरत नाही: मेडिकेअरचा ठरलेला दर पूर्ण मोबदला म्हणून न मानणारा डॉक्टर वरून जे लावतो ते. लोक म्हणतात हे १५ टक्के असतं. पण अशा डॉक्टरसाठी मूळ दरच ९५ टक्के धरला जातो आणि त्यावर १५ टक्के, म्हणजे तुमच्या खिशातून नेहमीच्या दराच्या साधारण सव्वाचौदा टक्के. पेनसिल्व्हेनियाच्या डॉक्टरांना असं काही लावता येत नाही, न्यूयॉर्कमध्ये मर्यादा बहुतांशी ५ टक्क्यांची आहे, न्यू जर्सीत मात्र पूर्ण मुभा. असे डॉक्टर थोडेच, पण तुमचा हाडांचा सर्जन त्यातला निघाला तर बिल शेकड्यांत जातं. म्हणून तुमच्या तीन-चार डॉक्टरांकडे फोन करून ‘तुम्ही मेडिकेअर असाइनमेंट घेता का’, म्हणजे ठरलेला दरच पूर्ण मोबदला मानता का, असं विचारा. नुसतं ‘मेडिकेअर घेता का’ विचारलंत तर दोन्ही प्रकारचे डॉक्टर हो म्हणतात.

मग हिशेब. समजा तुमच्या झिप कोडला जी आणि एनमध्ये महिन्याला ४५ डॉलरचा फरक आहे, वर्षाचे ५४०. वर्षात बारा भेटी धरल्या तर एनमध्ये २४० भरावे लागतील, म्हणजे एन तीनशेनं स्वस्त. भेटी सव्वीस-सत्तावीसवर गेल्या तर दोन्ही सारखे. फरक पंचवीसवर आला तर मी डोळे मिटून जी घेईन. वर्षातले पाच महिने तुम्ही इथे नसणार, म्हणजे इथल्या भेटीही कमी. त्यामुळे तुमच्या बाबतीत एनचं पारडं नेहमीपेक्षा थोडं जड आहे, आणि भाचा अगदीच चुकीचा नाही. हाय-डिडक्टिबल जी हाही एक प्रकार आहे. २०२६ साठी २,९५० डॉलरपर्यंत तुम्ही सोसायचं, त्यानंतर जीसारखं. बचत भक्कम असेल आणि छोट्या बिलांनी झोप उडत नसेल त्यांच्यासाठी चांगला. तुमच्या पत्रातला सूर पाहता तुम्हाला तो मानवणार नाही असं वाटतं.

कंपनी कुठली घ्यायची? अक्षर एकच असेल तर कंपनी कुठलीही असो, मूळ फायदे कायद्यानंच तेच असतात. एका कंपनीचा जी दुसरीपेक्षा ‘चांगला’ नसतो, फक्त महाग किंवा स्वस्त असतो. मेडिकेअरच्या सरकारी संकेतस्थळावर झिप कोड टाकून भाव काढा आणि मग विचारा, की हप्ता कशावर ठरतो? तुमच्या चालू वयावर, घेतानाच्या वयावर, की सगळ्यांना एकच? चालू वयाचा प्लॅन ६५ला सगळ्यात स्वस्त दिसतो आणि नंतर दर वर्षी वयाचा आणि महागाईचा असा दुहेरी चढतो. मागच्या पाच वर्षांत किती वाढ केली तेही विचारा. नुकतीच राज्यात उतरलेली कंपनी फार कमी भाव देत असेल तर मी सावध होतो. गिऱ्हाईक गोळा करायचं, दोन वर्षांनी हप्ते वाढवायचे, आणि ज्यांना प्रश्नावली पास होता येते ते निघून गेले की उरलेल्यांवर आणखी वाढ. इथे दार बंद असल्यामुळे अडकतात ते आजारी. एका घरातल्या दोघांनी घेतलं तर काही कंपन्या सूट देतात. वहिनींची पाळी येईल तेव्हा उपयोगी पडेल. पॉलिसी आल्यावर ३० दिवसांत परत करता येते.

वहिनींचं मेडिकेअर मे २०२८ मध्ये. तोवर त्यांना तुमच्या कंपनीचं कोब्रा (नोकरी सुटल्यावर स्वतः हप्ता भरून तोच विमा चालू ठेवायची सोय) मिळेल, आणि इथे क्रम तुमच्या फायद्याचा आहे. तुमचं मेडिकेअर नोकरी सुटण्याच्या आधी, १ मेला, सुरू झालेलं असेल, तर जोडीदाराला नेहमीच्या १८ ऐवजी त्या तारखेपासून ३६ महिन्यांपर्यंत कोब्रा घेता येतं. एचआरला बऱ्याचदा हे माहीत नसतं, लेखी मागा. राज्याच्या सरकारी विमा-बाजारातला (मार्केटप्लेसचा) विमा स्वस्त पडतो का तेही पाहा. तुम्ही स्वतः मात्र कोब्राच्या भरवशावर पार्ट बी पुढे ढकलू नका. चालू नोकरीचा विमा आणि कोब्रा यांत मेडिकेअर फरक करतं. कोब्रावर काढलेल्या दर बारा महिन्यांमागे बीच्या हप्त्यावर दहा टक्के दंड, आणि तो जन्मभर.

पुणे. मेडिकेअर भारतात चालत नाही. जी आणि एनमध्ये परदेश प्रवासातल्या तातडीच्या उपचारांची सोय आहे: २५० डॉलर तुमचे, मग ८० टक्के, आयुष्यभरात मिळून ५० हजार डॉलरपर्यंत. पण आणीबाणी प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत उद्भवायला हवी. नोव्हेंबरात उतरलात तर नवीन वर्षाच्या सुरुवातीलाच हे कवच संपतं, आणि तुम्ही तर मार्चपर्यंत आहात. ठरवून केलेला मोतीबिंदू किंवा दातांचं काम यात कधीच बसत नाही. उरलेल्या महिन्यांसाठी भारतातली आरोग्य पॉलिसी पाहा. काही कंपन्या ओसीआय कार्डवाल्यांना देतात. तिथल्या विमा नियामकानं, आयआरडीएआयनं, २०२४ मध्ये वयाची कमाल अट काढली आणि जुन्या आजारांची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली, म्हणून ती जितकी लवकर चालू कराल तितकं बरं. अर्जात अमेरिकेतला पत्ता आणि आजार दोन्ही खरे लिहा. पार्ट डीसुद्धा पुण्यातल्या केमिस्टचं बिल देत नाही. निघण्याआधी इथून ९० दिवसांची औषधं भरून घ्या. ६० दिवसांच्या आतला क्लेम करायची वेळ आलीच, तर डिस्चार्ज कार्ड, बाबवार बिल आणि भरल्याची पावती इंग्रजीत हवी, आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. एका क्लेममध्ये आम्हाला निघाल्याची तारीख सिद्ध करण्यात चार महिने गेले.

कोथरूडचा फ्लॅट विकायचा विचार आहे असं ओघात लिहिलंत. सप्लिमेंटशी त्याचा संबंध नाही, पण पार्ट बीशी आहे. बीचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो. २०२६ साठी जोडप्याचं उत्पन्न २,१८,००० डॉलरच्या वर असेल तर जादा आकार लागतो. भारतातलं भाडं, ठेवींचं व्याज, फ्लॅटचा नफा, सगळं त्यात धरतात. निवृत्तीमुळे उत्पन्न घटलं तर एसएसए-४४ फॉर्म भरून सवलत मागता येते, घर विकलं म्हणून मागता येत नाही. विक्री कुठल्या वर्षात दाखवायची ते सीएशी आधी बोला.

शेवटचं, आणि हे मी प्रत्येक हिवाळ्यात कुणाला तरी सांगतो. सोशल सिक्युरिटी घेत नसाल तर पार्ट बीचा हप्ता कापला जात नाही, तीन महिन्यांचं बिल पोस्टानं घरी येतं. तुम्ही लक्ष्मी रोडवर असता तेव्हा ते बिल एडिसनच्या पेटीत पडून असतं. मग आठवणीचं पत्र, मग बी रद्द झाल्याचं. तिकडे सप्लिमेंटचा हप्ताही चुकला आणि ती पॉलिसी सुटली, की परत येऊन पुन्हा प्रश्नावली. म्हणून ऑक्टोबरात, विमानाच्या तिकिटाबरोबरच, मेडिकेअरचं इझी पे आणि सप्लिमेंटचा हप्ता दोन्ही बँकेतून आपोआप जातील असं करून टाका. इझी पे चालू व्हायला काही आठवडे लागतात, तोवर आलेलं बिल हातानं भरा.